शिफारस कोणाच्या हाती?

'शिफारस' हा शब्द मराठीत दोन वाटांनी वावरतो. एका वाटेने तो नोकरीच्या अर्जासोबत येतो. अमक्याची शिफारस आहे म्हटले की ऐकणारा वशिला समजतो. दुसऱ्या वाटेने तो सरकारी कागदात शिरतो. अमुक समितीने इतक्या शिफारशी केल्या, सरकारने त्यांपैकी इतक्या स्वीकारल्या, अशी बातमी येते. पहिल्या अर्थाकडे आपण संशयाने पाहतो, दुसऱ्याकडे आदराने. मूळ मात्र दोन्हींचे एकच. फारसीत 'सिपुर्दन' म्हणजे सोपवणे, स्वाधीन करणे. त्याच घरातला 'सिफारिश' हा शब्द मराठी जिभेवर 'शिफारस' झाला. त्याचे सख्खे भावंड आपण याच संदर्भात वापरतो, ते म्हणजे 'सुपूर्द'. 'समितीने अहवाल मंत्र्यांना सुपूर्द केला आणि त्यात अमुक शिफारशी केल्या' या वाक्यात सोपवण्याची कल्पना दोनदा येते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

सोपवणे म्हटले की दोन प्रश्न येतात. काय सोपवले, आणि कोणाच्या हाती? आकाशवाणी आणि दूरदर्शन कसे चालावे याचा आढावा घेण्यासाठी आपल्या सरकारांनी गेल्या साठ वर्षांत जाणत्या माणसांच्या समित्या वेळोवेळी नेमल्या. त्यांचे अहवाल कोणाच्या हाती पडले, कोणाच्या हाती पडायला हवे होते, आणि मधल्या वाटेत शब्द कसे बदलत गेले, हे पाहिले की सार्वजनिक प्रसारणाची सारी कथा समोर उभी राहते. ती कथा या शब्दांमधूनच सांगता येते.

आधी 'सल्ला' घेऊ. अरबीत 'सलाह' म्हणजे भलेपणा, योग्य ते, हिताचे ते. त्याच धातूचा 'सुलह' म्हणजे समेट. जुन्या मराठी कागदपत्रांत 'सला' किंवा 'सल्ला' हा शब्द तहाच्या अर्थानेही भेटतो. भांडण मिटवणारी गोष्ट ती सल्ला, आणि पुढे भांडण होऊ नये म्हणून दिलेले शहाणपणाचे बोल तेही सल्ला. आपण 'सल्लामसलत' असा जोडशब्द करतो, त्यातली 'मसलत' याच धातूची. अरबी 'मस्लहत' म्हणजे हित. इस्लामी न्यायशास्त्रात हा शब्द सार्वजनिक हिताचे तत्त्व म्हणून वापरला गेला. म्हणजे सल्लामसलतीचा शब्दशः गाभा लोकांचे भले हा आहे.

मराठीत याच अर्थक्षेत्रात आणखी एक शब्द आहे, 'खलबत'. तो अरबी 'खल्वत'वरून आला. खल्वत म्हणजे एकांत. रायगडाच्या बालेकिल्ल्यात पायऱ्या उतरून जावे लागते अशी एक जागा 'खलबतखाना' म्हणून दाखवतात. चहूकडून दगड, बोललेले बाहेर जाणार नाही अशी बांधणी. शत्रू दाराशी असताना राजाला अशी जागा हवीच असते. लढाईची खलबते उघड्यावर होत नाहीत.

पण प्रत्येक मसलत म्हणजे खलबत नव्हे. जी वस्तू राजाची आहे तिच्याबद्दल राजाने एकांतात बोलावे. जी वस्तू सगळ्यांची आहे तिच्याबद्दलचा सल्लाही सगळ्यांसमोर यायला हवा. मग प्रश्न येतो, रेडिओच्या लहरी कोणाच्या?

या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा एका समितीनेच नीट शब्दांत मांडले. ब्रिटनमध्ये १९२२ साली ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी सुरू झाली. ती रेडिओसंच बनवणाऱ्या उद्योगांची खाजगी कंपनी होती. लगेच पुढच्या वर्षी सरकारने सर फ्रेडरिक साइक्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९२३ च्या त्या अहवालात मांडणी अशी होती की रेडिओलहरींचे पट्टे ही मौल्यवान सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि लोकमतावर एवढा प्रभाव पाडू शकणाऱ्या साधनावर अंतिम नियंत्रण राज्याचे असावे. मात्र सरकारने स्वतः ते चालवावे असे समितीला वाटत नव्हते. पुढे लॉर्ड क्रॉफर्ड यांच्या समितीने १९२६ मध्ये कंपनी मोडून सार्वजनिक महामंडळ करावे, आणि त्याने राष्ट्रहिताचा विश्वस्त म्हणून काम करावे असे सुचवले. १ जानेवारी १९२७ पासून बीबीसी सनदेखाली चालू लागली ती या सल्ल्यामुळे. नियंत्रण, मालकी आणि चालवणे या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेव्हा शब्दांत बसवले गेले. त्या शब्दांवर ती इमारत शंभर वर्षे उभी आहे.

महाराष्ट्राशी याचा एक धागा जुळतो. हेच साइक्स १९२८ ते १९३३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले होते. ती खाजगी कंपनी १९३० मध्ये, साइक्स मुंबईत असतानाच, बुडाली आणि प्रसारण सरकारने हाती घेतले. इंग्लंडमध्ये कंपनीच्या जागी विश्वस्त आला. हिंदुस्थानात कंपनीच्या जागी खाते आले. वसाहतीच्या लोकांसाठी 'विश्वस्त' हा शब्द कोणी काढला नाही. स्वतंत्र भारताने ते खाते जसेच्या तसे वारशात घेतले, आणि पुढची सत्तर वर्षे आपल्या समित्या या एकाच शब्दाभोवती फिरत राहिल्या.

प्रसारणाला इंग्रजीत 'ब्रॉडकास्ट' हा जो शब्द आहे, तो रेडिओच्या आधी शेतातला होता. बी मुठीने चौफेर उधळून पेरायचे, याला तो वापरला जाई. आपले शेतकरी त्याला 'फोकून पेरणे' म्हणतात. तिफणीने पेरले की दाणा ओळीत, मापात पडतो. फोकून पेरले की तो शिवारभर जातो, कोणता कुठे पडेल हे पेरणारा ठरवत नाही. आपला 'प्रसार' हा शब्दही 'प्र' आणि 'सृ', म्हणजे पुढे पुढे सरकत पसरणे, यातून झाला. अशा कामाची जबाबदारी वेगळीच असते. वर्तमानपत्र विकत घेणारा ते निवडतो. सरकारच्या एकाच केंद्राचा आवाज ज्या गावात पोहोचतो, तिथे निवडीला वावच नसतो. म्हणून पेरणाऱ्याच्या पोतडीत काय आहे, हे तपासणारा कोणीतरी बाहेरचा लागतो.

हा बाहेरचा माणूस म्हणजे 'तज्ज्ञ'. हा शब्द 'तत्' आणि 'ज्ञ' यांचा. 'ते' जाणणारा. कोणते 'ते', हे शब्द सांगत नाही. ते समितीच्या कार्यकक्षेवरून ठरते. प्रक्षेपकाची ताकद जाणणारा अभियंता तज्ज्ञच, खर्चाचा ताळेबंद जाणणारा लेखापालही तज्ज्ञच, आणि गावातल्या बाईला संध्याकाळी रेडिओवर काय ऐकायला मिळावे हे जाणणारी शिक्षिकाही तज्ज्ञच. विचारार्थ विषय लिहिणाऱ्याने 'ते' संकुचित ठेवले की तज्ज्ञ कितीही थोर असला तरी त्याचे ज्ञान त्या चौकटीपलीकडे जात नाही. म्हणून आढावा नेमल्याची बातमी वाचताना आधी नावे पाहू नयेत, कार्यकक्षा वाचावी.

पण नुसते जाणणे पुरत नाही. त्यासाठी मराठीत दोन सुंदर शब्द आहेत, तटस्थ आणि त्रयस्थ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. प्रवाहात तो नाही, म्हणून वाहवत जात नाही. मात्र काठावरून प्रवाहाची ओढ कळतेच असे नाही. त्रयस्थ म्हणजे दोघांच्या भांडणातला तिसरा. तो जवळ आहे, दोघांना ओळखतो, दोघांचे ऐकतो, आणि कोणाचाही नाही. आढाव्याला तटस्थापेक्षा त्रयस्थाची गरज असते. ज्याने रेडिओ कधी ऐकला नाही असा तटस्थ माणूस सापडेल, पण त्याचा उपयोग काय? आणि 'स्वतंत्र' हा शब्द तर मागावरचा आहे. 'तंत्र' म्हणजे मुळात माग, ताणा. 'तन्', म्हणजे ताणणे, या धातूपासून तंतूही आला आणि तंत्रही. ज्याचा माग त्याच्या मालकीचा तो स्वतंत्र. दुसऱ्याच्या मागावर विणणारा परतंत्र, मग त्याची वीण कितीही बारीक असो.

जाणणारा आणि त्रयस्थ एकाच माणसात भेटणे अवघड असते, कारण विषय जाणणारा बहुधा त्या विषयात हात घालून बसलेला असतो. जॉन रीथ हे ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे व्यवस्थापक. १९२३ च्या साइक्स समितीत ते स्वतःच सदस्य होते. ज्या कंपनीचा आढावा घ्यायचा, तिचाच चालक निर्णय लिहिणाऱ्यांत बसला. पुढच्या क्रॉफर्ड समितीपुढे ते साक्षीदार म्हणून गेले. ही दुसरी रचना योग्य. त्यांचे ज्ञान समितीला मिळाले, आणि ते तपासण्याची मोकळीकही राहिली. तज्ज्ञाने कुठे बसायचे, टेबलाच्या या बाजूला की त्या, याची व्यवस्था नीट असली की त्याचे हितसंबंध आणि त्याचे ज्ञान वेगळे करता येतात.

त्रयस्थपणाची खरी परीक्षा ब्रिटनमध्ये १९८५-८६ साली झाली. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने अर्थशास्त्रज्ञ अॅलन पीकॉक यांच्या अध्यक्षतेखाली बीबीसीच्या वित्तपुरवठ्यावर समिती नेमली. बीबीसीने जाहिराती घ्याव्यात अशी शिफारस यावी, हा सरकारचा कल सर्वांना माहीत होता. पीकॉक स्वतः बाजाराच्या बाजूचे अर्थशास्त्रज्ञ. त्यामुळे अहवाल काय येणार याबद्दल कोणाला फारशी शंका नव्हती. प्रत्यक्षात समितीने जाहिरातींची कल्पना नाकारली. त्यांच्या मते जाहिरातींमुळे प्रेक्षकाची निवड वाढण्याऐवजी कमी झाली असती. पीकॉक बीबीसीचे पाठीराखे नव्हते. त्यांचा अहवाल बीबीसीलाही सोयीचा नव्हता. ज्याने नेमले त्याला हवे ते उत्तर मिळाले नाही, आणि ज्याचा आढावा घेतला त्यालाही. दोघांनाही अवघड वाटावा असा अहवाल आला की समजावे, माग त्याचा स्वतःचा होता.

आता आपल्याकडे वळू. 'आकाशवाणी' या शब्दाचा इतिहास सरकारी दप्तरात सुरू होत नाही. म्हैसूरमधील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःचे छोटे रेडिओ केंद्र सुरू केले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले. १९३६ साली सरकारी सेवेचे नाव 'ऑल इंडिया रेडिओ' झाले. १९५० च्या दशकात स्वतंत्र भारताच्या सरकारने म्हैसूरच्या प्राध्यापकाचा शब्द त्या सेवेसाठी उचलला. मराठीत त्याच वेळी 'नभोवाणी' हाही शब्द रुळला होता, आणि वर्तमानपत्रांत 'माहिती व नभोवाणी खाते' हे नाव पुढे कितीतरी वर्षे टिकले.

पुराणकथेतली आकाशवाणी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. देवकीची वरात निघाली असताना कंसाने ऐकली ती. त्या कथेचे मर्म असे की आकाशातला आवाज राजाला नको असलेली गोष्ट सांगतो, आणि भर रस्त्यात सांगतो. राजाला तो आवाज बंद करता येत नाही. एका खात्याला हे नाव देताना कोणाच्या मनात ती कथा होती की नाही, हा मुद्दा नाही. शब्दाने मात्र आपल्यासोबत एक कसोटी आणली. जो आवाज राजाला रुचेल तेवढेच सांगतो, त्याला आकाशवाणी म्हणायचे का?

ही कसोटी १९७५ ते १९७७ या काळात देशाने सोसली. आणीबाणीत आकाशवाणी सरकारची भाषा बोलत राहिली. सरकारी कार्यक्रमांना साथ दिली नाही म्हणून किशोर कुमार यांची गाणी रेडिओवरून बंद झाली. सत्ताबदलानंतर ऑगस्ट १९७७ मध्ये प्रसारमाध्यमांच्या गैरवापराबद्दल श्वेतपत्रिका निघाली. आवाज राजाच्या हाती असला की काय होते, ते तिच्यात नोंदवले गेले.

पण हा इशारा आधीच मिळाला होता. डिसेंबर १९६४ मध्ये, इंदिरा गांधी माहिती व नभोवाणी मंत्री असताना, माजी महालेखापरीक्षक अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६६ साली तिचा अहवाल आला. त्यात मुख्य गोष्टी तीन होत्या. रेडिओ आणि दूरचित्रवाणी खात्याच्या ताब्यातून काढून स्वायत्त महामंडळांकडे द्यावीत. दोन्ही एकमेकांपासून वेगळी करावीत. आणि रेडिओवर जाहिराती घ्याव्यात. या तीन शिफारशींचे पुढे काय झाले पाहा. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही आपल्याच मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. १ एप्रिल १९७६ रोजी, ऐन आणीबाणीत, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. पैसा आणि विभागणी हे दोन सल्ले मानले गेले. स्वायत्ततेचा सल्ला मागे ठेवला गेला. समितीने तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून मांडल्या होत्या. त्यांतल्या सोयीच्या दोन उचलल्या आणि तिसरी ठेवली, तर उरते ते समितीचे मत राहत नाही, पण नाव समितीचेच लागते.

'आढावा' हा शब्द इथे आठवतो. तो मुळात हिशेबातला. जमा, खर्च, येणे, देणे सगळे एकत्र मांडून शेवटी काय उरले ते पाहणे म्हणजे आढावा. त्यातली नुसती जमा वाचून दाखवली तर त्याला आढावा म्हणत नाहीत.

आणीबाणीनंतर जनता सरकारने बी. जी. व्हर्गीस यांच्या नेतृत्वाखाली आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी कार्यगट नेमला. व्हर्गीस १९६६ ते १९६९ या काळात इंदिरा गांधींचे माहिती सल्लागार होते. नंतर ते 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक झाले आणि त्याच सरकारवर टीका केल्यामुळे १९७५ मध्ये ते पद त्यांनी गमावले. सत्तेची आतली बाजू पाहिलेला आणि तिचा रोष सोसलेला असा हा त्रयस्थ होता. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांनी जो अहवाल दिला त्याचे नावच शब्दचर्चेचा विषय आहे. त्यांनी सुचवलेल्या संस्थेचे नाव 'आकाश भारती', आणि तिचे स्वरूप राष्ट्रीय प्रसारण न्यास. त्याला राज्यघटनेचे संरक्षण असावे असेही त्यांनी म्हटले.

'न्यास' म्हणजे 'नि' आणि 'अस्'. खाली ठेवणे, ठेव म्हणून ठेवणे. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने आपल्याजवळ राखणे, आणि ज्याची आहे त्याला ती जशीच्या तशी देणे. अशी वस्तू राखणाऱ्याला मराठीत आपण विश्वस्त म्हणतो. न्यासात मालक एक आणि सांभाळणारा दुसरा, हे शब्दातच आहे. मालक लोक, सांभाळणारे विश्वस्त, आणि सरकार या दोघांच्याही बाहेर. साइक्स आणि क्रॉफर्ड यांनी जी रचना सुचवली होती, ती व्हर्गीसांनी भारतासाठी एका शब्दात आणली.

मे १९७९ मध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेत विधेयक मांडले, तेव्हा 'आकाश भारती'ची 'प्रसार भारती' झाली होती आणि न्यासाचा निगम झाला होता. नावातला पहिला बदल निरुपद्रवी म्हणता येईल. दुसरा तसा नव्हता. निगम म्हणजे कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. तिचे मालक, तिचे संचालक, तिच्या पैशाची वाट कायदा ठरवतो, आणि कायदा सरकार मांडते. घटनेचे संरक्षण गळाले. ते विधेयकही लोकसभा विसर्जित झाल्याने मेले. पुढे विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने सप्टेंबर १९९० मध्ये प्रसार भारती कायदा मंजूर करून घेतला, आणि तो अमलात आला १५ सप्टेंबर १९९७ रोजी. संसदेने मंजूर केलेल्या कायद्याला फक्त तारीख देण्यासाठी सात वर्षे लागली.

या सात वर्षांत एक मोठी गोष्ट घडली. बंगाल क्रिकेट संघटनेने सामन्यांचे प्रक्षेपण हक्क परदेशी कंपनीला दिले, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्या नियमनासाठी समाजाच्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेले स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण सरकारने निर्माण करावे. सरकारची मक्तेदारी जशी मान्य नाही, तशी श्रीमंत खाजगी मक्तेदारीही नाही, ही त्या निकालाची दिशा. १९२३ साली एका समितीने सल्ला म्हणून जे सांगितले, ते बहात्तर वर्षांनी एका मराठी न्यायमूर्तीने कायदा म्हणून सांगितले. सल्ला नाकारला गेला तरी तो संपत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कायद्याच्या भाषेत आज प्रसार भारती 'स्वायत्त' आहे. 'स्व' आणि 'आयत्त'. आयत्त म्हणजे अवलंबून असलेला. स्वतःवर अवलंबून तो स्वायत्त, दुसऱ्यावर अवलंबून तो परायत्त. म्हणजे हा शब्दच विचारतो, कशावर अवलंबून? पगार कोणाकडून, नेमणूक कोणाच्या सहीने, दर वर्षाचे अनुदान कोणत्या मंत्रालयातून? या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय स्वायत्त हा शब्द नुसता शिक्का राहतो. प्रसार भारतीचा मोठा खर्च आजही केंद्राच्या अनुदानावर चालतो, आणि कायद्याचे तेविसावे कलम सरकारला काही बाबतींत निर्देश देण्याचा अधिकार देते.

अर्थशास्त्रज्ञ पी. सी. जोशी यांनी या शिक्क्याच्या पलीकडे पाहिले. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली दूरदर्शनच्या 'सॉफ्टवेअर'बद्दल कार्यगट नेमला गेला. आज हा शब्द संगणकाचा वाटतो. तेव्हा प्रसारणाच्या जगात हार्डवेअर म्हणजे प्रक्षेपक, मनोरे, कॅमेरे, आणि सॉफ्टवेअर म्हणजे कार्यक्रम. एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले होते, देशभर मनोरे उभे राहत होते. त्यांतून दाखवायचे काय, हा प्रश्न जोशींकडे आला. भारतीय दूरचित्रवाणीला स्वतःचे भारतीय व्यक्तिमत्त्व असावे हे त्यांच्या अहवालाचे सूत्र. वाद सरकारी नियंत्रण विरुद्ध स्वायत्तता एवढाच नाही, सर्जनशील माणसांना मोकळेपणाने काम करता येईल अशी कार्यपद्धती घडवणे ही खरी निकड आहे, असे त्यांनी मांडले. तो अहवाल सरकारने लगेच लोकांपुढे ठेवला नाही. लोकांच्या पडद्याबद्दलचा सल्ला लोकांनाच वाट पाहून मिळाला.

'अहवाल' हा अरबी 'हाल' या शब्दाचे अनेकवचन. हाल म्हणजे स्थिती, अहवाल म्हणजे स्थितींची मालिका. जे आहे ते जसे आहे तसे सांगणे, एवढेच त्याचे काम. तो ज्या 'दप्तरात' जातो तो शब्द ग्रीकमधून अरबी-फारसीत आला, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कातडे. कातड्यावर लिहीत, म्हणून लिखाणाच्या साठ्याला ते नाव. एखादा अहवाल 'दप्तरी दाखल' झाला असे आपण म्हणतो तेव्हा तो जपला गेला असा अर्थ होऊ शकतो, आणि तो बासनात बांधला गेला असाही. दोन अर्थांत फरक करणारी गोष्ट एकच आहे. तो कोणी वाचू शकते का?

पुढेही समित्या आल्या. नितीश सेनगुप्ता यांची १९९६ च्या सुमारास, नारायण मूर्ती, किरण कर्णिक आणि शुनू सेन यांच्यासारख्या जाणकारांची २००० साली, सॅम पित्रोदा यांची २०१४ मध्ये. पित्रोदांनी पुन्हा सांगितले की प्रसार भारतीला खरी स्वायत्तता द्यायची तर कायदा, पैसा आणि माणसे या तिन्हींत बदल हवेत. चंदांच्या अहवालानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी तोच मुद्दा नव्याने लिहावा लागला.

यावर कोणी विचारेल, सरकारने प्रत्येक सल्ला मानलाच पाहिजे का? नाही. सल्ला मागावा, घ्यावा, तोलावा, आणि पटला नाही तर धुडकावावा, हा निवडून आलेल्या सरकारचा हक्क आहे. मराठीत 'सल्ला विचारणे' आणि 'सल्ला मानणे' ही वेगळी क्रियापदे आहेत ती यासाठीच. ब्रिटनमध्ये २००४-०५ साली लॉर्ड बर्न्स यांच्या सल्लागार मंडळाने उघड चर्चासत्रे घेतली, कागदपत्रे प्रसिद्ध केली, आणि बीबीसीच्या देखरेखीसाठी बाहेरचा आयोग सुचवला. सरकारने तो नाकारून बीबीसी ट्रस्ट स्थापन केला. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, तो ट्रस्ट मोडून देखरेख बाहेरच्या नियामकाकडे, ऑफकॉमकडे गेली. नाकारलेला सल्ला आणि नाकारण्याची कारणे दोन्ही लोकांपुढे होती, म्हणून दहा वर्षांनी त्यांची तुलना करता आली. मानणे न मानणे सरकारकडे राहू द्या. लपवणे मात्र कोणाच्याही हक्कात बसत नाही.

इथे दोन शब्दांतला कायदेशीर फरक महत्त्वाचा ठरतो, 'समिती' आणि 'आयोग'. समिती म्हणजे एकत्र येणे, 'सम्' आणि 'इ'. वेदकाळातल्या सभा आणि समिती या दोन लोकसंस्थांपैकी ती एक. एवढ्या थोर वंशाचा शब्द असूनही आजच्या व्यवहारात त्याच्यामागे बंधन कमी आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासह, सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवावा लागतो. प्रशासकीय आदेशाने नेमलेल्या समितीला किंवा कार्यगटाला असे बंधन लागू नाही. प्रसारणाचा आढावा घेणाऱ्या आपल्या समित्या या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यांचा अहवाल मंत्र्यांच्या टेबलावर पोहोचला की कायद्याच्या दृष्टीने काम संपते.

लोकांपुढे मांडण्याची रीत मात्र आपल्याला नवी नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई. त्याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव केली. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे पाऊण दराने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरजा चालवायच्या. हा शुद्ध न्यास आहे. आणि शिलालेख पुढे नोंदवतो की हे सगळे निगमसभेत ऐकवले गेले आणि प्रथेप्रमाणे दप्तरात नोंदवले गेले. 'श्रावित' आणि 'निबद्ध' अशा अर्थाचे शब्द तिथे आहेत. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या भूमीवर, राजाच्या जावयाचे दानही, लोकांना ऐकवल्याशिवाय आणि लिहून ठेवल्याशिवाय पूर्ण होत नव्हते. निगम हा शब्द तेव्हा व्यापाऱ्यांच्या आणि नगराच्या सभेचा होता. मालकीचे लोक समोर बसले आहेत असा तो निगम.

मला त्या दोन शब्दांपेक्षा जास्त काही मागायचे नाही. सार्वजनिक प्रसारणाच्या आढाव्याचा अहवाल आधी श्रावित व्हावा. मंत्र्यांना सुपूर्द झाल्यावर ठरावीक मुदतीत तो पूर्ण प्रसिद्ध व्हावा, भारतीय भाषांत व्हावा, आकाशवाणीवरून त्यावर चर्चा व्हावी. आणि मग तो निबद्ध व्हावा. प्रत्येक शिफारशीपुढे सरकारचे उत्तर लिहिले जावे, मानली, नाकारली, का नाकारली. आयोगांना जे बंधन १९५२ चा कायदा घालतो, तेच प्रसार भारतीच्या कायद्यात एका कलमाने घालता येईल. विचारार्थ विषय नेमणुकीच्या दिवशीच जाहीर करण्याची, आणि सदस्यांचे हितसंबंध त्यांनी आधी लिहून देण्याची तरतूदही त्याच कलमात बसेल.

शब्दाचे मूळ काही कायदा नसते, आणि फारसीत काय अर्थ होता म्हणून आज कोणावर बंधन येत नाही. तरी 'शिफारस' हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक सरकारला एक गोष्ट विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तज्ज्ञाने जे सोपवले ते ज्यांच्या मालमत्तेबद्दल होते, त्यांच्या हाती ते कोणत्या तारखेला पडले?